दुसरा मणका

मान मोडलेली असताना मी नऊ दिवस घरात वावरले. त्या नऊ दिवसांत मी भाकरी थापल्या, चौथीच्या वह्या तपासल्या, नळ आला तेव्हा भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मलाही कळलं नव्हतं. आता लोक भेटले की विचारतात, "मॅडम, वाचल्या कशा तुम्ही?" मी सांगते, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. हाड आणखी दोन मिलिमीटर सरकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, एवढं त्यांनी मला चित्र दाखवून सांगितलं.

मी सुनंदा, वय चव्वेचाळीस, राहणार मूर्तिजापूर. आठ किलोमीटरवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या नवऱ्याचं, विलास यांचं, मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप त्यांच्याकडे येतात, त्यात ते नवी तांब्याची तार गुंडाळून देतात. समोर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण लिहिताना 'हे' लिहिलं तर वाचणाऱ्याचा घोळ होईल, म्हणून नावाने लिहिते. सायली ही आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीला होती.

पडले तो दिवस

डिसेंबरची सकाळ होती. मला शाळेत सोडून दुकान उघडायचं, असा विलास यांचा रोजचा क्रम. घरातून निघतानाच आमचं वाजलं होतं. बारावीनंतर सायलीला अमरावतीला होस्टेलवर ठेवायचं, असं माझं म्हणणं. मुलगी घरून शिकेल, हे त्यांचं. मोटारसायकलवर बसल्यावरही मी बोलतच होते. शेवटी मी म्हटलं, "तुमाले पोरीच्या शिक्षणाचं काय समजते? तुमी तारा गुंडाळा." 

गावाच्या अलीकडे रस्त्यावर नवा गतिरोधक टाकला होता. गाडी जोरात उडाली आणि मी मागच्या मागे रस्त्यावर पडले. डोक्याचा मागचा भाग आपटला. शुद्ध गेली नाही. आभाळ दिसत होतं आणि मानेत, कवटीच्या अगदी खाली, कुणी पाचर ठोकल्यासारखं वाटत होतं. शेतात कापूस वेचणाऱ्या दोन बाया धावत आल्या. त्यांनी मला काखेत धरून बसवलं, पाणी पाजलं. विलास मोटारसायकल टाकून माझ्याजवळ आले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ब्रेकर दिसला नाही," एवढंच ते म्हणत होते. पट्टे मारले नव्हते त्यावर.

मला उचलून बसवणाऱ्या त्या बायांनी मायेनेच केलं. पण हे वाचणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. माणूस डोक्यावर किंवा मानेवर पडला असेल आणि मान दुखते म्हणत असेल, तर त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. पडला तसाच राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि गाडी बोलवा.

आम्ही त्याच मोटारसायकलवरून दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, हाड शाबूत आहे. गोळ्या दिल्या, मानेला मऊ पट्टा दिला. पुढे मला कळलं की या हाडाची मोड साध्या एक्स-रेत पुष्कळदा लपून जाते, तोंड उघडायला लावून समोरून वेगळा फोटो काढावा लागतो. त्या डॉक्टरांवर माझा राग होता, आता नाही. तो गेला कसा तेही सांगता येणार नाही, पण गेला.

नऊ दिवस

दुखणं एका जागी होतं. तिथून ते डोक्यात चढायचं. ठसका लागला की डोळ्यांपुढे काळं यायचं. पण सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच होती. झोपलेली मी उठायला गेले की डोकं मागेच राहतंय असं वाटायचं. मग मी एका हाताने कपाळावरचे केस धरायचे, दुसरा हात मानेखाली घालायचे आणि डोकं उचलून उठायचे. दोन दिवसांत ती सवयच होऊन गेली. सायलीने पाहिलं आणि हसून विचारलं, "आई, डोकं वेगळं उचलतं काय तू?" मीही हसले.

चार दिवस घरी राहून मी शाळेत गेले. पट्टा गरम व्हायचा म्हणून वर्गात काढून ठेवायचे. आठव्या दिवशी डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. विलास यांचे मामा घरी आले होते. ते म्हणाले, "शीर चढली असन. बार्शीटाकळीच्या चाचाले दाखव. एका झटक्यात मान मोकळी करून देते थो."

नवव्या दिवशी आम्ही निघालो. एसटीने अकोला, तिथून ऑटोने बार्शीटाकळी. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी डोकं धरत होते. विलास ऑटोवाल्याला हळू घे, हळू घे म्हणत होते.

रहीमचाचा

घराच्या पुढच्या खोलीत एक लाकडी तखत, भिंतीशी तेलाच्या बाटल्या, बाहेर पाय मुरगळलेली दोन माणसं. रहीमचाचांचं वय सत्तरीच्या पुढचं. हाताची बोटं जाड आणि स्वच्छ. त्यांनी मला तखतावर निजायला सांगितलं. मी निजले. हातावर तेल घेऊन ते विलास यांना विचारत होते, कधी पडल्या, कशा पडल्या. मग मला म्हणाले, "उठा बाई, बसा. बसूनच पायतो."

मी नेहमीसारखी उठले. एक हात केसांत, एक हात मानेखाली.

चाचांचा हात तिथेच थांबला.

"बाई, उठतानी डोक्याले हात काहून लावता?"

"नाही लावला त डोकं मांगं पडते असं वाटते."

"कवापासून?"

"पडली तवापासून. नऊ दिवस झाले."

त्यांनी शेजारचं फडकं घेतलं आणि हातावरचं तेल पुसून टाकलं. सगळी बोटं नीट पुसली. मग विलास यांना म्हणाले, "भाऊ, हे माह्या हातचं काम नाही. यायले आता बसवू बी नका. निजवा, सरळ निजवा."

विलास गोंधळले. "चाचा, फोटो काढला आमी. काही नाही म्हणते डॉक्टर."

"फोटोत नसन. पन या बाई आपलं डोकं हातानं उचलून राहिल्या. असा एक मानूस पायला मी, लय वर्सं झाले. तवा मले समजलं नाही. मान फिरवली मी त्याची. थो पुन्हा उठला नाही. तवापासून मानेले हात लावतानी आंधी मानूस उठते कसा, थे पायतो."

त्यांच्या सुनेने आतून गव्हाने भरलेल्या दोन पिशव्या आणल्या. त्या माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दाबून ठेवल्या, कपाळावरून ओढणी घेऊन तखताला बांधली. चाचांनी स्वतः फोन करून अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत ते माझ्या डोक्याशी खुर्ची घेऊन बसून राहिले आणि मला सांगत राहिले, "बोला, पन मान हलवू नका. हो नाही ते तोंडानं सांगा." विलास दाराजवळ उभे होते. मामाचं नाव घेऊन ते काहीतरी पुटपुटले.

ज्याच्याकडे मान मोडून घ्यायला मी गेले होते, त्याच माणसाने माझा जीव वाचवला. हे मी कुणालाही सांगते. पण सगळेच रहीमचाचा नसतात, तेही सांगते.

निदान

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दुपारी सीटी स्कॅन झाला. मशीनमधून बाहेर काढलं तेव्हा मघाशी गप्पा मारणारे दोन तंत्रज्ञ गप्प होते, आणि स्ट्रेचरवर घ्यायला दोनाऐवजी सहा जण आले. तेव्हाच मी समजले.

हाडांच्या विभागातल्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, तिशीच्या आतल्या. त्या माझ्या तोंडावर वाकून बोलल्या, कारण मला बाजूला पाहता येणार नव्हतं. "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून सरळ सांगते. मानेचा पहिला मणका म्हणजे एक कडं आहे, त्यावर डोकं टेकलेलं असतं. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटा असतो. तो खुंटा त्या कड्यात असतो, म्हणून आपण मान फिरवू शकतो. तुमचा खुंटा बुडातून तुटलाय. त्याच्या मागेच मज्जारज्जू आहे. श्वासाची दोरी तिथूनच जाते."

"मग मी चालली कशी नऊ दिवस?"

"स्नायूंनी धरून ठेवलं. आणि तुमच्या हातांनी."

विलास यांनी विचारलं, "मोटारसायकलवर नेलं मी. एसटीत नेलं. त्यानं काही..."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता त्याचा विचार करू नका." त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

छत

कानांच्या वर दोन ठिकाणी केस काढले, सुया टोचून बधिर केलं आणि लोखंडी चिमटा कवटीत बसवला. त्याला दोरी, दोरीला कप्पी, कप्पीखाली वजन. सरकलेला खुंटा जागेवर यावा म्हणून. चौदा दिवस मी तशी पडून होते. चौदा दिवस छत. त्यावर पाण्याचा एक डाग होता आणि पंख्याच्या एका पात्याचा रंग गेला होता. कूस बदलायची तर चार माणसं लागायची, चौघांनी एकदम, एका आवाजावर. बाकी सगळं निजूनच. पहिल्यांदा परक्या बाईने बेडपॅन दिलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवसापासून मिटले नाहीत.

रडायची सोय नव्हती. निजून रडलं की पाणी कानात जातं, आणि ते पुसायला मान वळत नाही.

माझ्या डाव्या हाताला वनिता नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती, अकोटकडची. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडली होती. तिची मान माझ्याच मणक्यापाशी मोडली होती. फरक एवढाच की तिचा मज्जारज्जू दबला होता. हात नाही, पाय नाही, श्वासही यंत्राने. गळ्यात नळी असल्याने तिला बोलता येत नव्हतं. मी तिला कधीच पाहिलं नाही. ती माझ्यापासून तीन हातांवर होती आणि मला मान वळवता येत नव्हती. मला ऐकू यायचं ते तिचं यंत्र, आणि तिच्याशी बोलणारी तिची आई.

ती माउली दिवसभर बोलायची. गायीने काय केलं, शेजारीण काय म्हणाली, वेचणी कुठपर्यंत आली. "उजव्या अंगाचं राहिलं हाय, तुह्या बापानं माणसं लावले." उत्तर येत नव्हतं तरी ती मध्ये थांबायची, ऐकल्यासारखी. मग पुढे सुरू. माझे डोळे भरलेले दिसले की ती उठून यायची आणि पदराने माझे कान कोरडे करायची. तिचा हात दिसायचा, चेहरा पूर्ण दिसायचा नाही.

अकराव्या दिवशी दुपारी बरीच पावलं वाजली. पडदा ओढल्याचा आवाज झाला. डॉक्टरांचे आवाज, मग ते कमी झाले. मग यंत्र थांबलं. दहा दिवस त्या आवाजाने माझी झोप मोडली होती, मी त्याला कंटाळले होते.

तिची आई निघायच्या आधी माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. पहिल्यांदा ती मला पूर्ण दिसली. माझ्याहून लहान होती वयाने. ती म्हणाली, "बाई, तुमी बऱ्या व्हा. एक तरी घरी जावाले पायजे अथून."

मी वाचले याचा आनंद व्हायला हवा होता. मला तो झाला नाही, आणि सगळे माझ्याकडून तो मागत होते.

लोखंड

खुंटा जागेवर आला. आता तो तिथे धरून ठेवायचा होता. त्यासाठी जे लावतात त्याला हेलो म्हणतात. डोक्याभोवती एक कडं, ते चार स्क्रूंनी कवटीत बसवलेलं. दोन कपाळावर, दोन कानांमागे. कड्यातून चार दांड्या खाली, त्या छातीवरच्या कडक जाकिटाला जोडलेल्या. जाकिटाला आतून लोकरीचं अस्तर.

ज्यांना हे लावायचं आहे त्यांच्यासाठी खरं सांगते. भूल फक्त कातडीला देतात, तुम्ही जागे असता. पुढचे स्क्रू लावताना डोळे मिटून घ्यायला सांगतात, नाहीतर कातडी ओढली जाऊन नंतर पापण्या नीट मिटत नाहीत. स्क्रू आवळताना दुखण्यापेक्षा आवाज वाईट असतो. तो बाहेरून येत नाही. ओल्या लाकडात खिळा फिरावा तसा डोक्याच्या आतून येतो. दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. त्यानंतर पहिल्यांदा उठून बसलात की डोकं पडत नाही. तेवीस-चोवीस दिवसांनी माझं डोकं माझ्या हातांशिवाय उभं राहिलं. त्या क्षणासाठी मी सगळं सोसायला तयार झाले.

जाकिटाच्या छातीवर एक छोटा पाना चिकटवलेला होता. अचानक हृदय बंद पडलं तर जाकीट उघडून छाती दाबता यावी म्हणून. विलास यांच्या हातात जन्मभर पाने. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलताना त्या पान्याकडे पाहायचे.

घरी बाया बघायला यायच्या. दारातूनच एक जण म्हणाली, "माय, डोक्याले खिळे ठोकले व हिच्या." शेजारचं तीन वर्षांचं पोर मला पाहून ओरडत पळालं. ताट दिसायचं नाही, कारण खाली बघता येत नाही. सायली घास भरवायची नाहीतर मी चाचपडत खायचे आणि वरण जाकिटावर सांडायचं. आंघोळ नाही. जाकिटाच्या आतून ओल्या कापडाची पट्टी एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ओढायची, अशी ती माझं अंग पुसायची. फेब्रुवारीत तिची परीक्षा सुरू झाली. रसायनशास्त्राच्या पेपरच्या सकाळी माझ्या उजव्या कपाळाच्या स्क्रूतून पू आला आणि ताप चढला. ती पेपरला गेली, पण गेली ती माझी जखम धुऊन, भेदरून. त्या विषयात ती जेमतेम सुटली. अमरावतीच्या होस्टेलचा विषय आमच्या घरात मग निघाला नाही. आता ती मूर्तिजापुरातच शिकते. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. मला तो शब्द ऐकायला आवडला असता.

स्क्रूच्या जखमा दिवसातून दोनदा विलास साफ करायचे. बारीक तार गुंडाळणारी बोटं, त्यांनी मला कधी दुखवलं नाही. दुकान अर्धा दिवस बंद असायचं. माझे केस त्यांनीच विंचरले, माझे कपडे त्यांनीच धुतले. आणि एकदा, मार्चमध्ये, ते जखम पुसत असताना मी म्हणाले, "तुमीच पाडलं मले." रागाने नव्हे, दुखत होतं म्हणून म्हणाले. त्यांनी कापूस बदलला आणि पुढचा स्क्रू पुसायला घेतला. त्या महिन्यात त्यांनी मोटारसायकल विकली आणि सायकलने दुकानात जाऊ लागले.

एप्रिल आला. अकोल्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. लोकरीचं जाकीट अंगात, ते काढायचं नाही. कूलरसमोर बसले तरी पाठीवरून घामाच्या धारा आत जिरायच्या. खाज सुटायची आणि हात पोचायचा नाही. एका दुपारी मी सायलीला म्हणाले, छातीवरचा पाना काढून दे, हे जाकीट मीच उघडते. ती पाना हातात झाकून दुसऱ्या खोलीत गेली आणि बाबा येईपर्यंत बाहेर आली नाही.

अमरावती

तीन महिने सोसून पुन्हा सीटी काढला. हाड जुळलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या जागी रक्तपुरवठा कमी असतो, काही जणांचं जुळत नाही. आता ऑपरेशन." त्यांनी अमरावतीच्या एका मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं.

ते सर्जन फार बोलणारे नव्हते. पहिला आणि दुसरा मणका मागून स्क्रूने जोडायचा, कमरेचं हाड काढून मध्ये घालायचं. "मान उजवीडावीकडे फिरते, त्यातलं जवळजवळ निम्मं फिरणं या दोन मणक्यांत असतं. ते कायमचं जाईल. आणि बोटांच्या मुंग्या जातीलच असं नाही."

विलास यांनी विचारलं, "आणि ऑपरेशनमंधी काही झालं त?"

"होऊ शकतं," सर्जन म्हणाले. "न करताही होऊ शकतं. साधं घसरून पडल्या तरी."

मी सही केली. डाव्या हाताची बोटं बधिर होती, पण सही उजव्याने होते. आत नेताना मी सायलीला सांगितलं की आलमारीतल्या निळ्या साडीच्या घडीत माझी अंगठी आहे. ती म्हणाली, "आल्यावर तूच काढ."

शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी पायाचा अंगठा हलवायला सांगत होतं. तो हलला. तोंडात नळी होती, त्यामुळे मला काही म्हणता आलं नाही. दोन दिवसांनी आरशात पाहिलं. कपाळावर दोन खड्डे, मागे मानेवर टाक्यांची रेघ, केस उतरवलेले. कडं नव्हतं. बाकी कशाचं काही वाटलं नाही.

सहा महिन्यांनी

नोव्हेंबरमध्ये अमरावतीला तपासणीला गेलो. सर्जननी फोटो दिव्यावर धरला. "जुळलं," ते म्हणाले. "शाळेत जा. दुचाकीवर बसू नका." मग त्यांनी विचारलं, "लिहिता का? माझ्याकडे येणारे पेशंट हेलोचं नाव ऐकूनच घाबरतात. तुमचं वाचायला देईन." मी बघते म्हटलं.

एसटी स्टँडवर मूर्तिजापूरच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. विलास माझ्या डावीकडे. आता मला शेजारच्या माणसाकडे पाहायचं तर कमरेपासून पूर्ण वळावं लागतं.

"सुनंदा," ते म्हणाले, "थो ब्रेकर मले दिसला होता."

मी समोर पाहत होते.

"लांबूनच दिसला होता. तुया राग आला होता मले. म्हटलं, गाडी हळू नाही करत, बसू दे हिले एक झटका. झटका बसन, एवढंच होतं मनात. तू पडशीन असं नाही वाटलं. डॉक्टर जुळलं म्हणन तवा सांगीन, असं ठरवलं होतं. नाही जुळलं असतं त काय केलं असतं, माहीत नाही."

मला वळून त्यांचा चेहरा पाहता आला असता. मी वळले नाही. समोर एक बाई पेरू विकत होती, मी तिच्याकडे पाहत राहिले.

"सायलीले माहीत हाय?"

"नाही. कोनालेच नाही."

गाडी आली. ते आधी चढले आणि मला धक्का लागू नये म्हणून हात आडवा धरून उभे राहिले. वर्षभर ते तसेच उभे राहत आले होते. मी त्यांच्या हाताखालून आत गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मी शाळेत रुजू झाले. फळ्यावरून मुलांकडे पाहायला आता सगळं अंग फिरवावं लागतं, त्यामुळे मी आधी पूर्ण लिहिते आणि मग वळते. पोरांनी ते लवकर ओळखलं, पाठीमागे खोड्या वाढल्या. डाव्या हाताची दोन बोटं अजून झोपलेली आहेत. सुईत दोरा ओवता येत नाही. विलास यांना मी माफ केलं का, हे मला विचारू नये. त्यांनी मला पाडलं हे खरं आहे आणि चार महिने माझ्या कवटीतल्या जखमा धुतल्या हेही खरं आहे. एक दुसऱ्याने पुसलं जात नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी हे लिहायला बसले. स्टँडवरचं बोलणं मी यात घातलं नव्हतं. रस्त्यावर पडले तो प्रसंग लिहिताना शेवटी मी लिहिलं होतं की यात दोष कुणाचाच नव्हता. पानं त्यांना वाचायला दिली. ते दुकानात घेऊन गेले. संध्याकाळी आले तेव्हा पानांना ग्रीसचे डाग पडले होते. सायली अभ्यास करत होती, तिच्यासमोरच त्यांनी पानं मला परत दिली.

"वाचलं," ते म्हणाले. "एक खोडलं म्या."

मी पाहिलं. ते एकच वाक्य त्यांनी पेनने आडवी रेघ मारून खोडलं होतं, आणि त्याजागी दुसरं काही लिहिलं नव्हतं. सायलीने मान वर करून विचारलं, "काय खोडलं, बाबा?"

ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सांगायला लागले.